एक काठ बदकांसाठी सोडा

दसरा उलटला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या पक्षिनिरीक्षकांच्या दुर्बिणी पाण्याकडे वळतात. तळी भरलेली असतात आणि उत्तरेकडून बदकांचे थवे यायला लागलेले असतात. भुवई बदक त्यातला लवकर येणारा पाहुणा. थापट्या आणि तलवार बदकही याच मोसमातले. ऑक्टोबरात त्यांना ओळखताना मात्र कस लागतो. विणीनंतर नर आपला रंगीत पिसारा टाकतात आणि काही काळ मादीसारखेच मातकट दिसतात. मग थापट्याची फावड्यासारखी चोच किंवा तलवार बदकाची लांब मान, अशाच खुणांवर भिस्त.

सगळ्यांना ओढ असते ती हंसाची. मंगोलिया-तिबेटकडे वीण करणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. त्याच्या अंगावर बसवलेल्या यंत्राने एकदा ७,२९० मीटर उंचीची नोंद केली आहे. उजनी किंवा जायकवाडीच्या विस्तीर्ण जलाशयांवर तो दिसतो. ठाण्याच्या आसपास एखादा उतरला, तर ती बातमीच ठरते. पण अशा एका दुर्मीळ पाहुण्याच्या ओढीत इथली अडई, हळदी-कुंकू बदक, वारकरी आणि टिबुकली यांच्याकडे दुर्लक्ष होतं. तळं पक्ष्यांच्या राहण्याजोगं उरलंय का, हे खरं तर याच नेहमीच्या मंडळींवरून कळतं.

ठाणे खाडीच्या पदरी थोडा तरी न्याय पडला. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शहरातल्या तळ्यांचं तसं नाही. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेले जलाशय २०१७ च्या पाणथळ नियमांतून वगळलेले आहेत. त्यामुळे अशा तळ्याचं भवितव्य बहुतांशी सुशोभीकरणाच्या आराखड्यावर ठरतं.

आणि आराखडा म्हणजे बहुतेक वेळा चहूबाजूंनी उभी भिंत, फरशीची वाट, कारंजं आणि रात्रभर दिवे.

यात पक्ष्यांचं नुकसान नेमकं कुठे होतं? भुवई बदक, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक ही बुडी मारून खोलवर चरणारी नव्हेत. डोकं पाण्यात घालून, शेपूट वर करून ती उथळ पाण्यातलं अन्न टिपतात. काठाचा उतार गेला की त्यांचं ताटच गेलं. जलपर्णी काढायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण त्याच झपाट्यात काठचं पाणकणीसही उपटलं जातं आणि पिल्लांना लपायला जागा राहत नाही.

फिरायला येणाऱ्यांची वाट बंद करा, असं कोणी म्हणत नाही. तीन बाजू माणसांना द्याव्यात, चौथी मातीची, उताराची, अंधारी राहू द्यावी. ठाण्याला हे अवघड नाही. गणेश विसर्जनासाठी महापालिकेने कृत्रिम तलाव केले, तेव्हा श्रद्धेशी जोडलेली सवयसुद्धा लोकांनी बदलली. त्यामानाने एक काठ सोडणं फार सोपं.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती १९८७ पासून सुरू आहे. मसुंदा, उपवन, कल्याणचा काळा तलाव, डोंबिवलीजवळचं निळजे, ही तळी त्या गणनेत दरवर्षी असायला हवीत. सुशोभीकरणाची निविदा काढण्याआधी पालिकांनी या नोंदी मागवाव्यात आणि कोणता काठ सोडायचा, हे त्यावरून ठरवावं.