आधी उंची विचारा, मग नजारा

जून ते सप्टेंबर या काळात महाराष्ट्रातली अनेक कुटुंबे मनालीहून मोटारीने लेहला जातात आणि तिथून विमानाने घरी परततात. अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. हा टप्पा एका दिवसात झेपणारा नसल्याने वाटेत एक मुक्काम करावा लागतो. सहलीच्या माहितीपत्रकात तो बहुधा सारचू इथे असतो. फोटोत नदीकाठचे विस्तीर्ण पठार, पांढऱ्या तंबूंची रांग आणि वर ताऱ्यांनी गच्च भरलेले आकाश दिसते. फोटो खरा असतो, पण त्याखाली एक आकडा छापलेला नसतो : सुमारे ४,३०० मीटर. मुक्काम ठरवताना सर्वांत आधी बघायला हवा तो हाच आकडा.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे मनालीपेक्षाही खाली. सकाळी मनालीत चहा घेऊन निघालेला प्रवासी संध्याकाळी सारचूच्या तंबूत शिरतो, तेव्हा त्याच्या शरीराने एका दिवसात सव्वादोन हजार मीटरची उडी मारलेली असते. पूर्वी निदान रोहतांगचा घाट चढताना वेळ जायचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्याने तो फेराही वाचवला. रस्ता सोपा झाला, पण शरीराचा वेग काही वाढलेला नाही.

उंचीवर हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते, हा समज नेमका नाही. ते २१ टक्केच राहते, कमी होतो तो हवेचा दाब. सारचूच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के भरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्ताला मिळणारा ऑक्सिजन घटतो. शरीर यावर उपाय करते : श्वास जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातले आम्ल-अल्कलीचे गणित नव्याने जुळवतात. याला काही दिवस लागतात. तोवर डोके ठणकणे, मळमळ, भूक जाणे, थकवा, चक्कर हा त्रास होऊ शकतो. बहुतेकांचा तो विश्रांतीने जातो, काहींचा बळावतो. मग फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठते आणि वेळेत खाली नेले नाही, तर जीव जाऊ शकतो.

यात रात्र महत्त्वाची असते. झोपेत श्वास मंदावतो, मध्येच काही सेकंद थांबतो, पुन्हा जोरात सुरू होतो. रक्तातला ऑक्सिजन दिवसापेक्षा आणखी खाली जातो. म्हणून गिर्यारोहक ‘दिवसा कितीही उंच जा, झोपायला खाली या’ हे सूत्र पाळतात. वैद्यकीय मार्गदर्शक सूचनाही किती उंच चढलात यापेक्षा कुठे झोपलात याला महत्त्व देतात : ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. हा प्रश्न भारताला नवा नाही. १९६२च्या युद्धात मैदानी भागातले जवान घाईने हिमालयात न्यावे लागले होते. अशा १,९२५ आजारी जवानांवरचा लष्करी डॉक्टरांचा अभ्यास १९६९मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही या विषयातला पायाभूत अभ्यास मानला जातो. ते जवान तरुण आणि धडधाकट होते. तेव्हा दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी आपल्याला काही होणार नाही, या भ्रमात राहू नये. दमसास वेगळा, उंचीची सवय वेगळी.

सारचूचा धोका केवळ उंचीचा नाही, भूगोलाचाही आहे. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. पण सारचूहून मागे मनालीकडे जायचे तर सुमारे ४,८९० मीटरचा बारालाचा ला ओलांडावा लागतो. पुढे लेहकडे जायचे तर ५,००० मीटरच्या आसपासच्या खिंडी समोर उभ्या असतात. म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला धाप लागली, तर त्याला खाली आणण्यासाठी आधी आणखी वर न्यावे लागते. तंबूत ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर तो काही तास निभावून नेईल, पण तो उतरण्याची जागा घेऊ शकत नाही.

पर्याय आहे आणि तोही देखणा आहे. सारचूच्या बराच अलीकडे, भागा नदीच्या काठावर जिस्पा आहे. उंची सुमारे ३,२०० मीटर. त्याआधी केलाँग लागते, ते आणखी थोडे खाली. नदी, हिरवी शेते आणि समोर बर्फाची शिखरे, नजाऱ्याला इथे काही कमी नाही. जिस्पात दोन रात्री काढल्या, तर पुढची झोप लेहला साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे वाढ फक्त ३०० मीटरची. यावर सहल कंपन्यांचा आक्षेप असा की, जिस्पा ते लेह हा सव्वातीनशे किलोमीटरचा पल्ला एका दिवसासाठी फार लांब आहे. आक्षेप खरा आहे. पहाटे निघावे लागते, अंग आंबून जाते आणि खिंडींमध्ये डोके जड होऊ शकते. पण जागेपणी काही तास उंचीवरून पुढे जाणे आणि तिथेच रात्रभर झोपणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात थकवा येतो, दुसऱ्यात जोखीम वाढते.

सारचूचे तारे पाहायचेच असतील, तर सहल उलटी करावी. आधी विमानाने लेह गाठावे, पहिले दोन दिवस निव्वळ आराम करावा, आठवडाभर लडाखमध्ये राहावे आणि मग मोटारीने मनालीकडे उतरावे. तोवर शरीराला सवय झालेली असते. तंबू तोच असतो, पण तिथे कुठल्या बाजूने आलात यावर रात्र कशी जाईल हे बरेचसे ठरते. ज्यांना रस्त्यानेच लेहला जायचे आहे, त्यांच्यासाठी श्रीनगरचा मार्ग अधिक सौम्य आहे. त्यात सुमारे २,७०० मीटरवरच्या कारगिलला मुक्काम होतो, हवे तर पुढे सिंधूकाठच्या आल्चीत आणखी एक.

आता परतीच्या तिकिटाविषयी. सुट्टी मोजकी, तिकीट आधीच काढलेले, त्यामुळे कार्यक्रमात एकही मोकळा दिवस उरत नाही. मग डोके दुखत असले तरी ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ म्हणून माणूस गप्प बसतो. आजी गोळी घेऊन पडून राहतात, मुले नुसतीच किरकिर करतात. आजार वाढतो तो अशा गप्प बसण्यातून. म्हणून लेहहून उडण्याआधी किमान एक, शक्यतो दोन दिवस राखीव ठेवावेत. ती उधळपट्टी नव्हे, तो विमाच आहे.

हृदय किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांच्या पालकांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी आहे, पण ती शेजाऱ्याने सांगितली म्हणून घेण्याची नाही. पहिल्या रात्री मद्य आणि झोपेची गोळी टाळावी, दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, सरळ रेषेत चालता न येणे, असंबद्ध बोलणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

आणि सहल कंपन्यांनी प्रत्येक मुक्कामापुढे हॉटेलच्या ताऱ्यांबरोबर त्या जागेची उंची छापावी. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. गिऱ्हाईकाने पैसे भरण्याआधी ‘झोपायचे किती मीटरवर?’ असे विचारायला सुरुवात केली, की तो आकडा आपोआप छापला जाईल.