एका खोलीतले ऑफिस

परवा एका वस्तीत नामकरणाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, खीर वाटली गेली, आणि चहासाठी आम्ही शेजारच्या घरी टेकलो. दहा बाय बाराची खोली. पलंगाच्या कोपऱ्यात एक मुलगी पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून, कानाला हेडफोन लावून, कुणाला तरी विम्याचा हप्ता समजावून सांगत होती. पाठ पार वाकलेली. आईने कुकर भरून ठेवला होता, पण गॅस पेटवला नव्हता. शिट्टी वाजली की पलीकडचा माणूस विचारतो, बाई, कुठे बसला आहात?

एवढ्यात एक पाहुणी म्हणाली, "लेक काय करते?" आई सहज बोलून गेली, "काही नाही, घरीच असते."

हे उत्तर आम्हांला टोचले. घर तिच्या पगारावर चालले आहे! पण दोष त्या माउलीचा नाही. आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून कामे करीत आल्या. भंडारा-गोंदियाकडे विड्या वळल्या, मुंबईत पापड लाटले, कपड्यांना काजे-बटणे केली. त्याला कुणी नोकरी म्हटले नाही. २०२० च्या टाळेबंदीत कॉम्प्युटरचे काम घरात आले, तेव्हा तीच जुनी नजर त्यावरही पडली.

नोकरी घरात आली तर तिला जागा लागते. खोली लहान असली तरी सुताराकडून भिंतीला बिजागऱ्यांवर दुमडणारी प्लायची फळी बसवून घेता येते. दिवसा टेबल, रात्री खाली पाडली की अंथरूण पसरायला जागा मोकळी. फळी जमिनीपासून २८ ते ३० इंचांवर असावी, म्हणजे साधी खुर्ची चालते. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. लॅपटॉप तसाच फळीवर ठेवला तर मान वाकते. त्याखाली खोके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कीबोर्ड-माऊस वेगळा घ्यावा. खिडकी बाजूला असावी, पाठीमागे नको. नाहीतर चेहरा काळा दिसतो आणि पडद्यावर उजेड चमकतो.

विजेचे मात्र जपा. लॅपटॉपच्या बोर्डावर इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड लावू नका, आणि अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. पत्र्याच्या घरात मोबाईलची रेंज पडते, म्हणून वायरचे इंटरनेट बरे. लाईट गेली की लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालतो, पण राऊटर बंद पडतो. त्याच्यासाठी लहान बॅटरी बॅकअप मिळतो. तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही.

आणि हे सारे घेण्याआधी कंपनीला लेखी विचारा की लॅपटॉप, हेडफोन, इंटरनेटचा खर्च कोण देणार. बऱ्याच कंपन्या देतात. नेमणुकीचे पत्र हाती नसताना हप्त्यावर काही उचलू नका. "घरबसल्या टायपिंग, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही.

जागा झाली तरी शांतता कुठून आणायची? परळच्या डबक चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब एकाच खोलीत राहत होते. भांडीकुंडी, माणसे, धूर. सुभेदार रामजींनी जागेऐवजी वेळ वाटून घेतली. भिवाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवून मग आपण पडायचे. बापाने आपली झोप दिली. आपल्याला टी.व्ही.चा आवाज आणि कुकरची वेळ तेवढी द्यायची आहे. मुलीच्या ड्यूटीचे तास भिंतीवर लिहून लावा. ते संपले की लॅपटॉप मिटलाच पाहिजे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. घरात भोंगा वाजत नाही, म्हणून घड्याळाकडे घरच्यांनीच लक्ष ठेवायचे.

ड्यूटी संपल्यावर आम्ही त्या मुलीला विचारले, खिडकीपाशी एवढा उजेड असताना तू कोपऱ्यात का बसतेस? ती आधी बोलेना. मग हळूच म्हणाली, "तिथे बसलं की मागची भिंत कॅमेऱ्यात येते." त्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती.

आम्ही तिला बोल लावणार नाही. नोकरी नवी, आणि आडनाव ऐकून बदललेले चेहरे आम्हीही पाहिले आहेत. मागची भिंत अंधुक करण्याची सोय मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये असते, ती तिला दाखवून दिली. पाठ तरी सरळ राहील. भिंत दिसू द्यायची की नाही, हे तिचे तिने ठरवायचे. तिने काय ठरवले, ते आम्ही विचारले नाही. आईने तेवढ्यात कुकर गॅसवर चढवला होता.