चार थाऊ

“भाऊ, हातानं पाहिलं ना मी, बरोबर आहे.”

नागपुरात जुन्या गाडीचं इंजिन बांधायला टाकलेल्या प्रत्येकानं हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. ऐकून मानही डोलावलेली असते, कारण हे वाक्य आपल्याला मनापासून आवडतं. तीस वर्षांचा अनुभव, हातात जादू, पुस्तक-बिस्तक काही नाही, नुसतं बोट लावून सांगतो... माझं स्पष्ट मत आहे की इंजिनं जितकी भेसळीच्या तेलानं जातात, तितकीच या वाक्यानं जातात.

उदाहरण घेऊनच बोलतो, नाहीतर पुन्हा हवेतल्या गप्पा होतील. जुनी पेट्रोलवरची महिंद्रा जीप, म्हणजे मुळातली विलीज. क्रँकशाफ्ट गोल फिरतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो लांबीच्या दिशेनं किंचित मागं-पुढंही सरकतो, आणि त्यानं सरकायलाच हवं. हे सरकणं किती असावं, त्याला एंड प्ले म्हणतात. विलीजच्या इंजिनात तो पुढच्या टोकाला ठरतो. तिथं एक थ्रस्ट वॉशर असतो आणि तो वॉशर व क्रँकचा खांदा यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ शिम असतात. शिम वाढवली की मोकळीक वाढते, काढली की कमी होते. मॅन्युअलमधला आकडा आहे ४ ते ६ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे लेथवाल्याला सांगावं लागत नाही. मिलिमीटरमध्ये ०.१० ते ०.१५. म्हणजे आपण ज्या पट्ट्याबद्दल बोलतोय तो सगळा मिळून ०.०५ मिलिमीटरचा. डोक्यावरचा एखादा बारीक केस घ्या, साधारण तेवढाच.

आता सांगा, कोणत्या हाताला हे कळतं?

हाताला काय कळतं तेही प्रामाणिकपणे सांगतो. क्रँक पूर्ण जाम आहे की नाही, हे कळतं. खडखड वाजण्याइतका सैल असेल तर तेही कळतं. त्यात मिस्त्री खरंच पटाईत असतात आणि माझ्या बोटांना जे कळणार नाही ते त्यांच्या बोटांना कळतं. पण ५ थाऊ आणि १२ थाऊ यांतला फरक जगातल्या कुठल्याही वस्तादाच्या बोटाला कळत नाही. तेल लावलेल्या जागी तर नाहीच नाही.

आणि जुन्या शिम तशाच परत टाकल्या की झालं, हाही भ्रमच. पुढचं मेन बेअरिंग नवं टाकलं की त्याच्या कडेची जाडी बदलते. वॉशर बदलला की त्याची जाडी बदलते. जुना हिशेब तिथंच संपतो. शिवाय इंजिन खोलताना त्या शिम तेलानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. एखादी वॉशरला चिकटून जाते, एखादी कापडाबरोबर कचऱ्यात. किती होत्या हे विचारलं तर उत्तर मिळतं, “होत्या तेवढ्याच टाकल्या, साहेब.”

परिणाम काय होतो? क्लच दाबला की सगळा जोर क्रँकला पुढं ढकलतो आणि तो झेलायला ही एवढीशी कडा असते. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर गिअरमध्येच क्लच दाबून बसणारे आपण सगळे, त्या कडेवर दीड मिनिट बसलेले असतो. मोकळीक फार कमी असेल तर तिथं तेलाचा थर टिकत नाही, जागा तापते आणि बेअरिंगचा पांढरा धातू सोलून निघतो. फार जास्त असेल तर प्रत्येक क्लचला क्रँक हातोड्यासारखा आदळतो. माझ्या माहितीतल्या एका जीपचं इंजिन इथल्याच एका गॅरेजमध्ये आठ महिन्यांत दोनदा खोललं. दुसऱ्या वेळी क्रँकच्या खांद्यालाच खाच पडलेली. बेअरिंग बाजारात मिळतं, पण त्या जुन्या इंजिनाचा चांगला क्रँक शोधायला भंगारबाजार पालथा घालावा लागतो. बांधणाऱ्यानं मात्र पहिल्या वेळचं लेबर घेतलं आणि दुसऱ्या वेळचंही.

यावर नागपूरचं खास उत्तर तयार असतं, ते ऊन. “पुस्तक तिकडच्या थंडीत लिहिलं भाऊ, इथं ४६ डिग्री चालते. थोडं लूज ठेवा लागते.” ऐकायला पटतं. गणित करून बघा. लोखंड एका अंशाला लांबीच्या साधारण १२ दशलक्षांश भाग एवढं वाढतं. एंड प्ले ठरतो तो बेअरिंगपाशी, पूर्ण शाफ्टच्या लांबीवर नाही. ती जागा ५० मिलिमीटर धरा आणि तापमान २० अंशांनी जास्त धरा. वाढ येते ०.०१२ मिलिमीटर. अर्धा थाऊसुद्धा नाही! त्यातही क्रँक आणि ब्लॉक दोन्ही लोखंडाच्याच जातीचे, दोन्ही जवळपास सारखेच वाढतात, म्हणजे फरक आणखी कमी. आणि चालू इंजिनाच्या आतलं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, वर्धा रोडवरचं ऊन नाही. उन्हाच्या नावावर आपण अनेक गोष्टी खपवतो, ही त्यातलीच एक.

हे फक्त जीपचं दुखणं नाही. ॲम्बेसेडरमध्ये हेच काम मधल्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंचे अर्धचंद्रासारखे वॉशर करतात. आणि माझदाचं रोटरी इंजिन बघा, ज्यात पिस्टनच नाही, तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. याच घराण्यातल्या चार रोटरच्या इंजिनानं माझदानं १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. त्यांच्या १३बी इंजिनाचा आकडा आपल्या जीपपेक्षाही कडक आहे, ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर. तो जुळवायला वेगवेगळ्या जाडीचे, अक्षरांची खूण असलेले स्पेसर असतात. पुढचा बोल्ट पूर्ण आवळायचा, डायल गेज लावायचं, वाचायचं, जमलं नाही तर खोलून दुसरा स्पेसर. गंमत म्हणजे तो पुढचा बोल्ट नंतर कधी सैल केला आणि शाफ्ट मागं सरकला, तर आतलं सुयांचं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून उतरतं आणि परत आवळताना चिरडतं. म्हणून जाणकार लोक गाडीत हे काम करताना क्लचचं पेडल दाबून अडकवून ठेवतात, शाफ्ट पुढंच राहावा म्हणून. तिथं “हाताला बरोबर लागलं” म्हणणाऱ्याला इंजिनाजवळ उभं करत नाहीत.

मला राग मिस्त्रीचा कमी येतो. त्याला कोणी शिकवलं नाही आणि मोजण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. राग येतो तो आपला, शिकलेल्यांचा. अकरावीत विज्ञान घेतलेल्या प्रत्येकानं स्क्रू गेजनं तारेचा व्यास मोजलेला आहे. लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, हे प्रॅक्टिकलच्या वहीत सुबक अक्षरात लिहिलेलं आहे. त्यानंतर त्या मापाशी आपला संबंध संपला. या शहरात अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, हिंगण्याला ट्रॅक्टर बनतात, व्हीएनआयटी आहे. शेकडो माणसं दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज हाताळतात, शतांश मिलिमीटरसाठी माल परत पाठवतात. तोच माणूस संध्याकाळी स्वतःची गाडी घेऊन टपरीवर जातो आणि म्हणतो, “जास्त खोलात नको जाऊ, लेबर किती कमी करतो ते सांग.” मग मिस्त्री खोलात जात नाही. का जावं?

वर ‘जुगाड’ या शब्दाचं कौतुक आहेच. रस्त्यात गाडी बंद पडली, तारेनं बांधून घर गाठलं, तो जुगाड. त्याला माझा सलाम. पण शांतपणे टेबलावर पसरलेलं इंजिन, हाताशी वेळ आहे, सामान आहे, आणि तरी मोजायचं नाही, याला जुगाड म्हणणं म्हणजे आळसाला पदवी देणं.

चुंबकाच्या स्टँडसकट डायल गेज दोन-तीन हजारांत येतं. नट पूर्ण आवळायचा, स्टँड ब्लॉकला चिकटवायचा, गेजची सुई क्रँकच्या तोंडावर टेकवायची, क्रँक पेचकसानं मागं ढकलायचा, शून्य करायचं, पुढं ओढायचा, वाचायचं. चहा येईपर्यंत होतं. चुकलं तर शिमा बदलायला अर्धा-पाऊण तास, तोही इंजिन बाहेर असताना. गाडीत बसवल्यावर हाच अर्धा तास दोन दिवसांचा होतो.

तेव्हा पुढच्या वेळी इंजिन बांधायला टाकाल, तर लेबर ठरवतानाच सांगा की बिलावर एंड प्लेचा आकडा लिहून हवा, आणि त्यासाठी वरचे दोनशे रुपये मी देतो. गेज नाही म्हणाला तर तुम्ही विकत घेऊन न्या. “हातानं पाहिलं” म्हणाला तर गाडी उचला आणि दुसरीकडे न्या. तो चिडेल, चिडू द्या.