सातबाऱ्यात न मावणारा सडा

'लँडस्केप'ला 'निसर्गदृश्य' म्हटलेले मला कधीच पटले नाही. त्या शब्दाने भिंतीवरचे कॅलेंडर आठवते : डोंगर, नदी, उगवता सूर्य आणि माणसाचा पत्ता नाही. हल्ली रूढ होत असलेला 'भूदृश्य' त्यापेक्षा बरा. पण त्यातही बघणारा बाजूलाच उभा राहतो.

आपल्या कोकणातला सडा घ्या. रत्नागिरी-राजापूरकडचे हे जांभ्याचे उघडे पठार मे महिन्यात तव्यासारखे तापते. सुटीवर आलेला चाकरमानी तिकडे ढुंकूनही बघत नाही. पावसाळा सरता सरता मात्र त्याच कातळावर गेंदाची पांढरी बोंडे डोलतात आणि सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा पसरतो. बोटभर मातीत कस तो किती असणार? म्हणून ही नाजूक वनस्पती सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. अशा शिकारी झाडाला सीतेच्या आसवांचे नाव देणाऱ्या माणसाला काय म्हणावे! फूल निसर्गाचे, नाव रामायणाचे. आता यातले एक दुसऱ्यापासून वेगळे काढून दाखवा.

याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणी चित्रे कोरली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या पोटात कितीतरी प्राणी आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही काही ठिकाणी दिसतो. देवीहसोळला तर आर्यादुर्गेच्या देवळाजवळच चौकोनी शिल्प आहे. कोकण-गोव्यातली अशी नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

सातबाऱ्यावर मात्र सडा म्हणजे बहुधा 'पोटखराबा'. लागवडीच्या हिशेबाने ते चूकही नाही. पण हिशेबातला शब्द हळूहळू निकाल होऊन बसतो. मग चिरेखाणी निघतात, कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडले जातात (हापूसला नावे ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही), आणि सड्यात मुरून खालच्या विहिरींना मिळणाऱ्या पाण्याची कोणी चौकशी करीत नाही. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले, तेव्हा तिथे काय आहे हे अनेकांना प्रथमच कळले. रोजगाराचा प्रश्न खरा आहे. पण 'ओसाड माळ' म्हणून त्याचे उत्तर शोधू नये.

गावोगावी जैवविविधतेची नोंदवही ठेवण्याची तरतूद २००२ च्या कायद्यात आहेच. तीत सड्याचे पान भरताना फुलांबरोबर पाणवठे, गुरांच्या वाटा आणि कातळावरची चित्रेही ग्रामसभेने लिहून घ्यावीत. हे सारे ज्यांना तोंडपाठ आहे, ती माणसे आता थकली आहेत.