वाऱ्याला दोष देऊ नका

मंडळी, शिडाच्या होड्यांची शर्यत म्हणजे नशीब नि पैसा, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ऑलिंपिकमध्ये लेझर प्रकारात आयोजकच सगळ्यांना एकसारख्या होड्या देत. तरी ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटला १९९६ नि २००४ साली सुवर्ण, २००० साली रौप्य! नशीब इतकं चिकट असतं? वारा सर्वांसाठीच बदलतो. पाण्यावरची लहर पाहून जो आधी ओळखतो, तो पुढे जातो. डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम होडीबाहेर झुकण्याचा सराव घरी बाकावर करायचा. १९४८ ते १९६० सलग चार सुवर्णं! गुण बहुतेक सगळ्या फेऱ्यांचे धरतात, म्हणून एखाद्या दिवसाची चमक कामाची नाही. वर्गातही पुस्तक सर्वांना एकच असायचं. अभ्यास कोण करतो, हाच प्रश्न. असो.