शीतपेटीचा रुसवा

माणूस रुसला तर त्याची समजूत काढता येते. यंत्र रुसले की आपलीच समजूत अपुरी पडते. हा साक्षात्कार मला २०२४ च्या ऑगस्टात, इंग्लंडमध्ये, वर्डस्वर्थच्या ग्रासमिअरजवळ एका उतरत्या माळावर झाला.

माझ्या धाकट्या भावाने तिकडे एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली आहे. चार चाकांवरचे बिऱ्हाडच म्हणा ना! झोपायला फळ्या, स्वयंपाकाला शेगडी आणि कोपऱ्यात गुडघ्याएवढा फ्रीज. आई, मी, आमच्या सौभाग्यवती आणि हा इंजिनिअर बंधू असे चौघे चार दिवसांच्या सहलीला निघालो. घरून निघताना फ्रीज गार होता. माळावर एक रात्र काढली आणि सकाळी दूध नासले. आम्ही हसलो. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, माझी औषधं?" आणि आमचे हसू मावळले.

आई दिवाळीपर्यंत तिकडेच राहणार होती. त्या बेताने पुण्याहून नेलेले सारे इन्शुलिन त्या फ्रीजमध्ये होते. घरी ठेवू म्हटले, तर "आपलं औषध आपल्यापाशी" हा तिचा खाक्या! वापरात असलेले पेन चारेक आठवडे बाहेर चालते. न उघडलेली मात्र २ ते ८ अंशांतच ठेवायची असतात. आतला तापमापक १९ दाखवीत होता.

बंधुराजांनी बाह्या सरसावल्या. हा फ्रीज तीन तऱ्हांनी चालतो: गाडी धावत असताना तिच्या बॅटरीवर, तळावर विजेवर आणि रानात गॅसवर. सिलिंडर भरलेला होता. खालच्या इवल्याशा काचेतून ज्योत पाहिली. ती निळी, निश्चल. मग गाडीबाहेरची जाळी तपासली. आतली उष्णता तिथूनच निघून जाते. तिच्यावर माझा ओला पंचा वाळत होता! सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले की मी पंचासकट ओशाळलो. पंचा निघाला, पण संध्याकाळपर्यंत १९ चे १८ झाले नाहीत.

"दादा, आता गाडी परत वळवू या," बंधू हताशपणे म्हणाला.

रात्री जेवायला बसलो. आई कितीतरी वेळ पानाकडेच पाहत होती. "का गं, जेवत का नाहीस?"

"वाटीतलं वरण एका कडेला का जातंय रे?"

बंधू ताडकन उठला. पाण्याची वाटी त्याने फ्रीजच्या तळाशी ठेवली. तिथेही पाणी कललेले! आमचे अख्खे बिऱ्हाडच तिरपे उभे होते.

मग त्याने मला उलगडून सांगितले. या फ्रीजला पंप नाही, की फिरणारा एकही भाग नाही. स्टॉकहोममधल्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. खालच्या ज्योतीने अमोनिया पाण्यातून उकळून वर जातो, निवून द्रव होतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळून आपल्याच भाराने खाली उतरतो. गाडी फार कलली की तो द्रव वाटेत तुंबतो आणि सारे चक्र थांबते. गाडी चालत असताना हेलकावे बसतात म्हणून निभते. एकाच कुशीवर उभी राहिली की संपले. तसाच चालू ठेवला तर कायमचाही बिघडतो.

आम्ही ज्योत बंद केली, गाडी चार हात पुढे घेतली आणि उताराकडच्या दोन चाकांखाली लाकडी पाचरी सरकवल्या. वाटीतले पाणी समपातळीत आल्यावर ज्योत पुन्हा पेटवली. हे फ्रीज गार व्हायला कित्येक तास घेतात. रात्री मी तीनदा उठलो; तिन्ही वेळा आई जागीच होती. पहाटे तापमापकाने ७ दाखवले, तेव्हा तिने देवाला हात जोडले आणि लगेच म्हणाली, "एक इंजिनिअर, एक एम. ए.; आणि सांगायला वरण लागलं!"

इन्शुलिन एक दिवस उबेत राहिले होते. परतल्यावर औषधविक्रेत्याला विचारून ती पेने आधी वापरायची ठरवली आणि उरतील त्यांच्याऐवजी तिथल्या डॉक्टरांकडून नवी घेतली.

हल्ली घरी माझा आवाज चढला की सौभाग्यवती मुकाट्याने माझ्यापुढे पाण्याची वाटी आणून ठेवतात.