मानसिक वय

डॉक्टर ज्याला निदान म्हणतो आणि वकील ज्याला व्याख्या म्हणतो, त्यावर एखाद्या मनुष्याचे हक्क टिकतात वा बुडतात. १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट'ने 'इडियट' आणि मनोविकल या दोघांनाही 'ल्युनॅटिक' ठरविले. ज्याची बुद्धी मुळातच सावकाश वाढते आणि ज्याचे चित्त रोगाने बिघडते, ते दोघे एकाच दावणीला बांधले गेले. ही गाठ सुटण्यास १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला. 'इडियट' हा एके काळी शास्त्रीय शब्द होता. आज ती शिवी आहे. आपल्या 'मतिमंद' शब्दाचीही तीच गत झाली. २०१६ च्या कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आणला, हे योग्यच झाले.

परंतु शिवी निदान ओळखू तरी येते. 'मानसिक वय' हा शब्द सभ्य आहे, म्हणूनच तो अधिक घातक होय. चंडीगढच्या सरकारी आश्रयगृहातील एक अनाथ तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. तिला मूल हवे होते. तिचे मानसिक वय सुमारे नऊ वर्षे असल्याचे तज्ज्ञांनी नोंदविले. तरी गर्भ राहू द्यावा, असाच त्यांचा कल होता. उच्च न्यायालयाने मात्र तिच्या संमतीवाचून गर्भपाताचा आदेश दिला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला: ती अज्ञान नव्हती, मनोरुग्णही नव्हती, सबब तिची संमती अनिवार्य होती. विशीच्या उंबरठ्यावरील स्त्रीने जितकी वर्षे दुःख भोगले, माणसे पारखली, ती वर्षे चाचणीच्या आकड्यात कोठे मोजली जातात?

दयाबुद्धीनेही हाच आकडा पुढे केला जातो. अडतीस वर्षांच्या एका पीडित स्त्रीस तिच्या मानसिक वयावरून बालसंरक्षण कायद्याखाली बालक मानावे, अशी मागणी झाली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. मागणीमागील कळकळ खरी होती. तथापि तो निर्णय मला योग्य वाटतो. संरक्षणासाठी जिला बालक ठरवावे, तिला उद्या मिळकतीच्या वाटपातही बालकच ठरविले जाईल.

२०१६ च्या कायद्याचे कलम १३ मिळकत धारण करण्याचा व वारशाचा हक्क अपंगांनाही समानतेने देते. असे असता आम्ही वकील प्रतिज्ञापत्रात अजूनही "त्यास काही समजत नाही" असे बेधडक लिहितो. त्याऐवजी त्यास काय समजते, कोणाच्या साहाय्याने समजते आणि त्याची स्वतःची इच्छा काय, हे लिहावे. आणि न लिहिल्यास न्यायाधीशांनी ते विचारावे.